धनसिंगचं वावर

नकाशाच्या मधोमध तो पिवळा ठिपका फाल्गुनीच्या डोळ्यांत खुपत होता. वर हिरवं जंगल, खाली हिरवं जंगल आणि मध्ये धनसिंग वळवीचं वावर. वनजमिनीवरचं, आज्यापासून कसलेलं.

खाणवाल्यांचं सगळं म्हणणं त्या ठिपक्यावर उभं होतं. उपग्रहाच्या चित्रात जंगल आधीच तुटलेलं दिसतं, मग आमच्या दगडखाणीनं आणखी काय तुटणार? आणि खाण आली, की सगळ्यांत आधी जाणार ते धनसिंगचंच वावर.

फाल्गुनी अक्कलकुव्याच्या कापड दुकानदाराची मुलगी. पुण्याला नकाशांचं शिक्षण घेऊन आलेली आणि हट्टाला पेटली की बापाचंही न ऐकणारी.

"काका, तुमनं वावर मी जाऊ देत नही," ती म्हणाली.

"मन्हा आजानी मोहनं झाड तोडं नही, मी बी नही," धनसिंग म्हणाला. "मोहना खालेच पेरतस आम्ही."

फाल्गुनी ताडकन उठली. उपग्रहाचं चित्र पानगळीतलं होतं! मोह तेव्हा उघडेबोडके, म्हणून यंत्राला नुसतं मोकळं वावर दिसलं. जमिनीच्या दहाव्या हिश्श्यावर जरी झाडांच्या फांद्यांचा घेर असला, तरी ती जागा जंगलात धरतात, हे तिला पाठ होतं.

भर उन्हात दोघं झाडाझाडाखाली फिरले. धनसिंग टेपचं टोक धरून उभा राही, फाल्गुनी घेर मोजी. घरी आई रापलेल्या चेहऱ्यावरून करवादली. तिनं कानाआड केलं.

खाणीच्या सुनावणीला तिनं वनखात्याच्या साहेबांसमोर पडद्यावर नवा नकाशा लावला. पिवळा रंग औषधालाही उरला नव्हता. खाणवाल्यांच्या वकिलानं बरीच आदळआपट केली.

"विश्वास नसेल तर चला, मोहाखाली उभे राहून मोजा," ती म्हणाली.

साहेबांनी खाणीला परवानगी नाकारली. धनसिंगनं फाल्गुनीच्या डोक्यावर हात ठेवला.

साहेब अजून नकाशाच पाहत होते.

"धनसिंग वळवी तुम्हीच ना? बापजाद्यांपासून इथं शेती करतो, ही जमीन नावावर करून द्या, असा वनहक्काचा दावा तुमचाच आहे?"

"हा साहेब, मन्हाच शे."

"मग तो फेटाळावा लागेल. बाईंनीच सिद्ध केलंय, तिथं शेत नाहीच. जंगल आहे."