अल्बममध्ये नसलेला फोटो

अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि हेमांगीने क्लिक केलं. स्क्रीनवर पाहते तर काय, थेट नावाजलेल्या फोटोग्राफरांसारखा फोटो! वर्षभर त्यांचे अल्बम घोकल्याचं चीज झालं!

पण एकाही अल्बममध्ये या क्षणी नवरीची आई नव्हती. असणार कशी? लेकीचं लग्न लागताना आईने बघायचं नाही, अशी रीत. हेमांगी मागच्या अंगणात धावली.

तुळशीपाशी पाठमोरी उभी असलेली आई वाजंत्री ऐकून वळली. "लागलं का गं? कशी दिसतेय माझी पोर?"

"तुम्हीच बघा ना, काकू!" हेमांगीने कॅमेराच तिच्या हातात दिला.

आईने स्क्रीनवरच्या लेकीच्या गालावरून बोट फिरवलं आणि ती रडता रडता हसली.

गळ्यातला दुसरा कॅमेरा डोळ्याला कधी लागला, हेमांगीचं हेमांगीलाच कळलं नाही.