वावरमा पाव्हना

"वावरमा पाव्हना उना शे. केळीमा बशेल शे."

शेतात पाहुणा आल्याचा लखनचा हा मेसेज दुपारी चारच्या सुमारास 'आपलं गाव, आपली माणसं' या ग्रुपवर पडला, आणि हेमकांतला आभाळ ठेंगणं झालं. तो शहाद्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये बसला होता. महिनाभर तो याच पाव्हन्यांची वाट बघत होता. त्याच्या नवनीतसाठी तळोद्याकडच्या मुलीचं स्थळ चालू होतं, आणि मुलीकडचे असेच येतात. कळवत नाहीत, सांगत नाहीत. विहीर बघतात, केळीचे घड बघतात आणि मगच तोंड उघडतात.

त्यानं लगेच बायकोला फोन लावला. "शोभा, पोरीवाला वावरमा उनात. थर्मासमा चहा लई जाय. अन् साडी बदली ले."

मग ग्रुपवरही लिहून टाकलं, नवनीतची सोयरीक दखाले उनात म्हणून. आनंद काही माणसाच्या पोटात राहत नाही.

इकडे चारशे बारा माणसांना काम मिळालं होतं. लखन हा हेमकांतच्या शेतावरचा रखवालदार, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. घरी भिली बोलायचा. विजेच्या पाळ्या कळाव्यात म्हणून त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं. वर्षभरात त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि आज लिहिलं ते हे.

"पाव्हनाले केळीमा कसाले बसाडं रे? खाट मोडी गई का?" कोणीतरी विचारलं. हसरे चेहरे बघता बघता पन्नासच्या वर गेले. हेमकांत ग्रुपचा अ‍ॅडमिन. त्यानंही एक टाकला. हसणाऱ्यांत आपण नसलो की आपल्यालाच हसतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात लखनचा दुसरा मेसेज आला. "वहिनीले वावरमा धाडू नका. पाव्हना चांगला नही."

ग्रुप क्षणभर गप्प झाला. गाव असं गप्प झालं की समजावं, आता कोणीतरी नेम धरतोय. नेम गावच्या थट्टेखोर धुडकूनं धरला.

"दादा, असा कोन पाव्हना शे, जो वहिनीले दखाडता येत नही?"

हेमकांतची कानशिलं तापली. चारचौघांत अब्रू जायला वेळ लागत नाही, इथं तर चारशे जण होते. त्यात मुलीकडचा एखादा भाचा असला तर? ठरत आलेलं लग्न एका गड्याच्या अकलेपायी मोडणार. त्यानं दुसरा विचार केला नाही. लखनच्या नंबरावर बोट दाबून धरलं आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. लगेच अंगठ्यांची रांग लागली. "बराबर करं, दादा."

मग लखनचा फोन आला. हेमकांतनं कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. "आते माफी मांगाले फोन करी ऱ्हायना," असं म्हणून त्यानं गॅरेजवाल्याला स्क्रीन दाखवली. दोघंही हसले. सहा फोन असे कापले. सातवा उचलला, तो शिव्या घालायला.

"दादा." लखन कुजबुजत होता. "मी मोटरनी खोलीमा कोंडाई जायेल शे. तो दारसमोरच बशेल शे. वहिनी निंघनी नही ना?"

"कोन बशेल शे? नाव सांग ना."

"आमना पाडावर त्यानं नाव लेतस नही, दादा. नाव लिधं का तो येस. आम्ही त्याले पाव्हनाच म्हंतस." मग जन्मात जे केलं नव्हतं ते लखननं केलं. दाराआडून, अगदी हळू आवाजात, ते नाव घेतलं. "बिबट्या शे. वहिनीले थांबाडा. मन्हा आवाज बांधलगून जात नही."

हेमकांतच्या पायाखालची जमीन सरकली. पाव्हन्याला चहा न्यायला त्यानंच सांगितलं होतं. साडी बदलायलाही त्यानंच सांगितलं होतं. त्यानं शोभाला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. शेतात जाताना ती फोन चार्जिंगला लावून जायची. घरापासून शेत वीस मिनिटांवर, आणि तिला निघून पंधरा तरी झाली असतील. कोणाचा नंबर लावावा, कोण त्या बाजूला असेल, काही सुचेना. सगळ्या गावाला एकदम हाक मारायची त्याला एकच जागा माहीत होती.

त्यानं ग्रुपवर लिहिलं, "मन्हा वावरमा बिबट्या शे. शोभाले थांबाडा. जो जवळ व्हई तो पळा."

पहिला हसरा चेहरा तिथल्या तिथं पडला. मग दहा. मग मोजता येईनात. "हसू नका, खरं शे," त्यानं लिहिलं. त्याच्याखाली आणखी पडले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. अ‍ॅडमिननं गड्याची आणखी जिरवली, असंच सगळ्यांना वाटत होतं. मग धुडकूचा मेसेज आला. धुडकूचं शेत हेमकांतच्या शेताला लागून. तो त्या वेळी बांधावर बसून ग्रुप वाचत होता, शोभा ज्या वाटेनं येणार त्याच बांधावर.

"मंग सोयरीक पक्की समजू का, दादा?"