सात वारांचं लुगडं

आतल्या दालनातलं हसणं एकदम थांबलं, तसे आप्पासाहेब दाराकडं वळले.

ते बाहेर सोप्यात, खांबाच्या आडोशाला उभे होते. दसऱ्याची दुपार होती. गावोगावच्या सवाष्णी आत लुगडी नेसत होत्या. राणीसाहेबांनी आपल्या हातानं प्रत्येकीला लुगडं द्यायचं, तिनं ते वाड्यातच नेसायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून सीमोल्लंघनाला शिवेवर जायचं, असा निपाणीजवळच्या त्या लहानशा संस्थानचा रिवाज होता. त्या दिवशी राणीसाहेबही त्याच गठ्ठ्यातलं लुगडं नेसायच्या. शिवेपर्यंत रस्ताभर एकच रंग चालत जायचा. आप्पासाहेबांची आईही त्या रंगात असायची. नव्या लुगड्याच्या खळीचा वास नाकात घेऊन आपण तिच्यामागून पळत होतो, हे त्यांना कारभारी झाल्यावरही दर दसऱ्याला आठवायचं. आता ना ते संस्थान राहिलं, ना तो रंग.

त्या साली तंबाखूचा भाव पडला होता. वसुली थकली होती. खर्च उत्पन्नाच्या आत आणा, नाहीतर कारभार आम्ही हाती घेऊ, असं इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबानं लिहून पाठवलं होतं. आप्पासाहेबांनी बग्गी विकली, दरवाजावरचा चौघडा थांबवला, स्वतःचा पगार कमी करून घेतला. तरी तूट उरलीच. शेवटी लुगडी राहिली. ती बंद करायला त्यांचा हात धजेना. म्हणून त्यांनी शहापूरच्या विणकराला निरोप धाडला की यंदा नऊ वारांच्या जागी सात वार विणा.

निऱ्या थोड्या कमी पडतील, एवढंच त्यांना वाटलं होतं. कासोट्याला किती कापड जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्थशास्त्राच्या एकाही ग्रंथात ते दिलेलं नव्हतं, आणि घरात विचारायची त्यांना लाज वाटली होती.

समोर बैठकीवर राणीसाहेब होत्या. दरसाल त्या उभ्यानं लुगडी द्यायच्या. यंदा त्यांनी बसून दिली. अंगावर तेच सात वारी लुगडं होतं, गुडघ्यांवर शाल पसरली होती आणि सकाळपासून त्या एकदाही उठल्या नव्हत्या. आप्पासाहेबांना तिकडं बघवत नव्हतं.

"साहेब, बाया भाईर का येईनात?" कारकून सुबराव कानाशी येऊन म्हणाला.

"येतील."

"आखूड लुगडं दिलं म्हणून एकीनं जरी तोंड उघडलं, तर संस्थान बुडालं म्हणून उद्या निपाणीच्या बाजारात डांगोरा हुईल. त्यापरीस द्यायलाच नको हुतं."

आप्पासाहेबांनी दाराकडं कान दिला. दारापलीकडून कुजबुज ऐकू येत होती.

"अगं, माझा कासोटाच पुरंना."

"वढ की जरा."

"वढून कुठनं येतंय? म्होरं घेतलं की मागं उगडं, मागं घेतलं की म्होरं."

"गप बसा गं." हा आवाज म्हाताऱ्या बाळाबाईचा. "राणीसाहेब भाईर हाईत. त्यांच्यानंबी उठवंना झालंय, दिसलं न्हाई व्हय तुमास्नी?"

मग कानडी वळणाचं मराठी ऐकू आलं. ती हिरण्यकेशी नदीपलीकडची गंगव्वा.

"कासोटा कशाला पायजे? आमी जन्मभर बिनकासोट्याचं नेसतो, ते काय उगडं फिरतो? या इकडं, एकेक जण."

दार उघडलं. पुढं बाळाबाई. लुगडं परकरासारखं गोल नेसलेलं, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. पायांत घोळ अडकत होता, म्हणून ती जपून चालत होती. मागून बाकीच्या आल्या. सगळ्या तशाच.

"राणीसाहेब, यंदा आमी गंगव्वागत नेसलो," बाळाबाई म्हणाली. "दरसाल त्येच त्येच नेसून कटाळा आलता."

राणीसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांवरच्या शालीकडं पाहिलं.

"तुमीबी या की आत. गंगव्वाचा हात लई साफ हाय."

शाल दोन्ही हातांनी धरून राणीसाहेब उठल्या आणि गंगव्वापाठोपाठ आत गेल्या. दार लागलं. घटकाभरानं आतून हसणं ऐकू आलं. त्यात एक आवाज राणीसाहेबांचा होता. वाड्यात इतक्या मोठ्यानं हसताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

बाळाबाई खांबाशी आली.

"कारभारी, घरात बाईमाणूस हाय न्हवं?"

"आहे."

"मग तिला इचारायचं हुतं की."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. म्हातारी जायला वळली, पुन्हा थांबली.

"पर देणं मोडलं न्हाईसा, ते बरं केलंसा."

उन्हं कलली तशी रांग वाड्याच्या दरवाजातून बाहेर पडली. गोल नेसल्यावर ढांगा टाकता येत नाहीत. शेतात वाऱ्यासारख्या चालणाऱ्या बायका, पण त्या दिवशी एकीचंही पाऊल लांब पडेना. पुढं राणीसाहेब होत्या, त्यांचंही नाही. रस्त्याकडेची माणसं आपट्याची पानं हातात घेऊन थांबली होती. रांग पुढं सरकेपर्यंत ती थांबूनच राहिली. राणीसाहेबांपासून शेवटच्या बाईपर्यंत सगळं संस्थान त्या वर्षी लहान लहान पावलं टाकत शिवेकडं चाललं होतं. मागून आप्पासाहेब येत होते. दोन वेळा ते रांगेच्या पुढं जाऊ लागले. मग त्यांनीही आपलं पाऊल आखूड केलं.