शेवटच्या भजनाची रांग

"काका, पाहुण्यांचे पेटीवाले बरोबरच आलेत. आज तुम्हाला सुट्टी," भजनी मंडळातले विश्वनाथ म्हणाले. "मागं आमच्या रांगेत बसा आणि आम्ही काय काय सहन करतो ते एकदा ऐका."

दिनकररावांनी मान डोलावली. त्यांचा हात खिशातल्या फोटोवर होता.

फरिदाबादमधल्या साधना मंडळाचा हा नवा हॉल. आधी गॅरेजमध्ये, मग कुणाच्या गच्चीवर असं करत करत मंडळ इथवर आलं होतं. घरोघरी केबल आल्यापासून माणसं घराबाहेर पडेनाशी झाली होती, पण महिन्याच्या पहिल्या रविवारची नादसेवा चुकत नसे. आधी पाहुण्या कलावंताचं गाणं, मग मंडळाच्या रांगेनं म्हणायचं शेवटचं भजन. टाळ्या वाजवायच्या नाहीत. शेवटच्या भजनाला माईकही बंद. ज्याचा जसा आवाज असेल तसा देवापर्यंत पोचावा, अशी इथली रीत. अकरा वर्षं त्या भजनाची पेटी दिनकररावांकडे होती. तोंड देवाकडे, पाठ रांगेकडे.

"आजोबा, मी शेवंतामावशीच्या बाजूला नाही बसणार. बोअर होतं यार," त्यांची नऊ वर्षांची नात अवनी कुरकुरली.

"आजोबांना यार म्हणतात का? आणि का नाही बसणार?"

"त्यांच्या बाजूला बसलं ना, की मला फक्त माझाच आवाज येतो."

दिनकरराव हसले. "अगं, सूर इतका जुळला की दुसऱ्याचा वेगळा ऐकूच येत नाही. शिक त्यांच्याकडून."

सतरंजी झटकता झटकता शेवंताताई थांबल्या. चाळिशीतल्या, अबोल बाई. तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. त्यांचा सूर चुकलेला दिनकररावांनी अकरा वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

"नाही सर, तिचाच आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

मंडळात सगळे दिनकररावांना काका म्हणत. सर म्हणणाऱ्या त्या एकट्याच. निवृत्त मास्तरांना ते मनातून आवडायचं.

आज मात्र त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी कार्यक्रमाचं पत्रक हातात आलं होतं. गायिका कल्पना. बालपण दिल्लीत, शिक्षण मराठी शाळेत. वर फोटो, हनुवटीवर तीळ. दिनकररावांनी ट्रंकेतून आपल्या दिल्लीच्या शाळेतला समूहगीताचा जुना फोटो काढून शेजारी ठेवला. दुसऱ्या रांगेत, रिबिनी बांधलेल्या दोन मुली. त्यातल्या एकीच्या हनुवटीवर तोच तीळ. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

तीस वर्षं झाली होती. समूहगीताची आंतरशालेय स्पर्धा होती आणि तरुण दिनकर सरांना ढाल हवी होती. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी सारखी सुराच्या खाली जायची. आदल्या दिवशी त्यांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव."

ढाल मिळाली. मुलीचं नाव ते विसरले, चेहराही पुसट झाला; फोटोतली तीळवालीच ती, असं त्यांनी पत्रक पाहून धरलं होतं. स्वतःचं वाक्य मात्र तसंच राहिलं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच मुलाला गप्प केलं नाही. कितीही बेसूर पोर असो, "अजून एकदा, बाळा," एवढंच म्हणत. पण ज्या मुलीला ते म्हणायला हवं होतं, तिला ते म्हणाले नव्हते.

गाणं सुरू होण्याआधीच माफी मागायची, असं ठरवून ते आले होते. हॉलमागच्या तिच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परतले. मग दीड तास मान खाली घालून ते तिचं गाणं ऐकत राहिले. असा गळा आपण बंद करायला निघालो होतो! तिची प्रत्येक तान त्यांना कानाखाली बसल्यासारखी लागत होती.

मध्यंतराच्या चहाला ते तिच्यापुढे उभे राहिले आणि फोटो पुढे केला.

"अय्या, दिनकर सर!" कल्पनाताई वाकून पाया पडल्या. "बघा ना, काय त्या रिबिनी! आई इतक्या घट्ट बांधायची की डोळे मिटायचे नाहीत."

"पाया नको. माफी मागायला आलोय." दिनकरराव म्हणाले. "मी तुला म्हटलं होतं, गाऊ नकोस. नुसते ओठ हलव."

कल्पनाताईंनी फोटोकडे पाहिलं, मग दिनकररावांकडे.

"सर, ती मी नव्हते. ती माझ्या शेजारची. ही बघा. तिला म्हणालात, आणि मी इतकी घाबरले की घरी जाऊन रोज दोन तास रियाज सुरू केला."

"नाव काय तिचं?"

"नाही आठवत हो. वर्षभरात तिच्या वडिलांची बदली झाली." फोटो परत देत त्या म्हणाल्या, "रडली नाही ती. तुम्ही सांगितलंत तसं बिल्कुल केलं. ढाल मिळाल्यावर आपण बसमध्ये गात आलो ना, तेव्हासुद्धा."

"काका, चलो! रांग तुमच्यासाठी थांबलीय!" विश्वनाथांनी हाक मारली.

दिनकरराव आत गेले. माफी तशीच परत आली होती, आणि आता ती कुठे न्यावी हेही कळत नव्हतं. रांगेत अवनी आणि शेवंताताई यांच्यामध्ये जागा ठेवलेली होती. ते टेकले. कुणीतरी माईक बंद केला. पाहुण्यांच्या पेटीनं सूर दिला आणि भजन सुरू झालं.

डाव्या कानाशी अवनीचा आवाज होता, कोवळा, सुराच्या थोडा खाली. उजव्या कानाशी काहीच नव्हतं.

त्यांनी वळून पाहिलं. डोळे मिटून, शब्दाशब्दाला, अगदी बरोबर, शेवंताताईंचे नुसते ओठ हलत होते.