अकरावं झाड

अकरावं झाड वाळलं ते वसुमतीबाईंच्या थोरल्या भावाच्या दुकानासमोरचं.

बाई त्या करंजाखाली उभ्या होत्या. चैत्र निम्मा सरला होता. रस्त्यावरचे बाकीचे करंज कोवळ्या पालवीनं भरून गेले होते. याच्या फांद्यांना मात्र गेल्या सालची करपलेली पानं तशीच लटकत होती.

अंजनप्पा रस्ता म्हणजे बेंगळुरूच्या पेठेतला भर गर्दीचा रस्ता. दोन्ही बाजूंना मिळून सेहेचाळीस करंज, सगळे साठ-पासष्ट वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी कॉर्पोरेशनमध्ये ठराव आला होता, की हे सगळे काढून आटोपशीर वाढणारी नवी झाडं लावावीत. त्या वॉर्डाच्या सभासद वसुमतीबाई. त्या एकट्या भांडल्या आणि शेवटी एका मतानं जिंकल्या. नियम ठरला: हिरवं झाड तोडायचं नाही, वाळेल तेवढंच काढायचं. दुकानदारांनी बाईंचा सत्कार केला. पहिला हार घातला तो आप्पाजींनी, त्यांच्या याच थोरल्या भावानं.

त्या पावसाळ्यानंतर झाडं वाळू लागली. आधी एक, मग तीन, मग बघता बघता दहा. रोग पडलाय, असं सगळे म्हणाले. पुस्तकांचे दुकानदार भीमाचार्य तर आपल्या दारातला करंज कापला जात असताना उपरण्यानं डोळे पुसत उभे होते. बाईंनीच त्यांची समजूत घातली होती.

आता बाईंनी वाळल्या बुंध्यावर हात ठेवला. साल सुटत होती. गुडघ्याच्या उंचीवर बोटांना काही गुळगुळीत लागलं. मेण होतं. वर माती लिंपलेली. त्यांनी डोक्यातला आकडा काढून ते उकरलं. आत गिरमिटानं पाडलेलं सरळ भोक होतं, आणि त्यातून उग्र, नाकाला झोंबणारा वास आला. तो वास त्यांनी लहानपणापासून घेतला होता. पितळेची भांडी उजळायला दुकानात तेजाब वापरत.

बाई पायरी चढून आत गेल्या. आप्पाजी गादीवर बसून घंगाळ पुसत होते.

"अण्णा, झाडाला भोक कुणी पाडलं?"

आप्पाजींनी मान वर केली नाही. घंगाळ मात्र बाजूला ठेवलं.

"बैस आधी. स्वल्प पाणी घे."

"कुणी पाडलं?"

"मी." ते हळूच म्हणाले. "दुपारी सगळी दुकानं मिटलेली असतात, तेव्हा. वसू, वर्षभर बघतोय. बुंधा ऐन दारात. पाटी दिसत नाही, काचेचं कपाट पुढे घेता येत नाही. हिरवं आहे तोवर हात लावायचा नाही, हा नियम तुझाच. मग मी दुसरं काय करणार होतो?"

"आणि बाकीची दहा?"

"त्यांना रोगच असेल. मला काय ठाऊक? मी माझं एक मारलं." त्यांनी घंगाळ पुन्हा पुढ्यात ओढलं. "कुणाला सांगू नकोस. आपल्या घराण्याचं नाव आहे गावात."

बाई पाणी न पिता उतरल्या.

गुरुवारच्या सभेत दुकानदारांचा अर्ज वाचला गेला. रस्त्यावर झाडांचा साथीचा रोग आहे, तरी अकरावं झाड तातडीनं तोडावं. खाली चाळीस सह्या. भीमाचार्यांची पहिली, आप्पाजींची शेवटची. सह्या करणारे मागच्या बाकांवर येऊन बसले होते.

वसुमतीबाई उठल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"रोग साथीचा आहे, असं ही सगळी मंडळी लिहून देतात. मी ते मानते. आणि म्हणूनच करवत लावायला माझा विरोध आहे. दहा झाडं आपण कापली, आणि रोग पुढे सरकत अकराव्यापर्यंत आला. यापुढे वाळलेलं झाडही तोडायचं नाही. वरच्या फांद्या उतरवून घ्या. बुंधा आहे तिथे उभा राहू दे."

"किती दिवस?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपोआप पडेपर्यंत."

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. भीमाचार्य अर्धवट उठले.

"बोला आचार्य," बाई म्हणाल्या. "रोग नाही म्हणता?"

भीमाचार्यांनी आप्पाजींकडे पाहिलं. आप्पाजींनी जमिनीकडे. आचार्य खाली बसले. "सरी, बरं," एवढंच पुटपुटले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

तो बुंधा आप्पाजींच्या दारात राहिला. पाटी त्याच्या आड होती तशीच राहिली, आणि सावली मात्र गेली. दुपारचं ऊन थेट गादीवर येई. पितळ असं तापे की गिऱ्हाईक हात लावीना. इतर दहा दुकानांची दारं मोकळी झाली होती, त्यांच्याकडे काचेची कपाटं आली. त्या दिवाळीत आप्पाजी बहिणीकडे ओवाळून घ्यायला आले नाहीत. पुढच्याही नाही. बाई ताट तयार ठेवत आणि संध्याकाळी उचलून ठेवत. एकट्या अण्णालाच आपण शिक्षा केली, हे त्यांच्या मनातून जाईना. झाडांना खरंच रोग असेल, तर सेहेचाळीसांत पाप एकाच माणसाच्या हातून घडलं होतं, आणि तो त्यांचा भाऊ होता.

वसुमतीबाई आणखी सात वर्षं सभासद होत्या. त्या सात वर्षांत अंजनप्पा रस्त्यावर एकही झाड वाळलं नाही.