सावलीचा ठराव

दुपारी सावली कुणाच्या डोक्यावर थांबवायची, एवढा एकच विषय त्या दिवशी वरणखेडच्या नगरपरिषदेपुढं होता. उन्हापासून आडोसा म्हणून नगरपरिषदेनं आणलेलं, आभाळात तरंगणारं प्रचंड छत्र निम्म्याच गावाला पुरायचं आणि आणल्यापासून ऐन उन्हात ते बाजारपेठेवरच उभं असायचं.

व्यापारी संघाचे प्रल्हादशेठ भिरूड उठले. "अध्यक्ष महोदया, सावली हलली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. पेठ बसेल."

खुर्चीत त्यांचीच मुलगी होती, वैजयंती. सभागृहात ते तिला कधी नावानं हाक मारत नसत.

मग टेकडीवरच्या वस्तीतल्या कोकिळाबाई सपकाळे बोलल्या. "पेठेला दुपारी कुलूप लावता येतं, ताई. आम्ही लेकरं कुठं न्यायची? पत्र्याखाली भाजून निघतात."

मतं समसमान पडली. निर्णायक मत वैजयंतीचं होतं. तिनं एकदा वडिलांकडं पाहिलं आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "दुपारची सावली वस्तीला. पेठेनं सकाळ-संध्याकाळ दुकानं उघडावीत."

प्रल्हादशेठ उठून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छत्र हळूहळू टेकडीकडं सरकलं आणि पेठेवर ऊन कोसळलं. बाहेरगावचं एक गिऱ्हाईक डोक्यावर पिशवी धरून करवादलं, "कुणी हलवली हो ही सावली?"

प्रल्हादशेठ दुकानाच्या पायरीवर उन्हातच उभे होते. टेकडीवरचे तापलेले पत्रे एकेक करून सावलीत जाताना ते डोळे भरून पाहत होते.

"माझ्या पोरीनं," ते म्हणाले, सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.