कोरडं छत

विम्याच्या सर्व्हेअरने मान वर करून छताकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं आणि पुन्हा छताकडे पाहिलं.

"इथेच गळलं म्हणता?"

"हो, इथेच," म्हणत वहिनीनेही वर पाहिलं. सकाळी ती ऑफिसला निघाली तेव्हा कौलांखालच्या याच फळ्यांच्या छतावर चहाच्या रंगाचे हे मोठाले डाग होते, कोपऱ्यात पापुद्रे सुटले होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आत्ता सर्व्हेअरबरोबरच घरात शिरली होती. छत पांढरंशुभ्र होतं. माशी बसली असती तर दारातून दिसली असती.

दारात अक्का उभी होती. अक्का म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. वादळात भावाचं छप्पर गेलं म्हटल्यावर मदतीला धावून आलेली. तिच्या कपाळावर रंगाचा शिंतोडा वाळला होता.

"सकाळपासून स्टुलावर उभी आहे," ती कौतुकाची वाट पाहत म्हणाली. "परका माणूस घरात येणार आणि वर तसली नक्षी? म्हटलं, वहिनी, तुझी मान खाली जायला नको. मान माझीच आखडली, ते सोड."

"आणि ती भिजलेली गादी?"

"दिली टाकून. कसला कुबट वास येत होता!"

वहिनीला हसावं की रडावं कळेना.

सर्व्हेअर माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसून त्याने सरळच सांगितलं, "बाहेरून मी ताडपत्री उचलून पाहून आलोय. एका कडेची कौलं उडालीत, त्यांचे पैसे मिळतील. पण तुम्ही अख्खं छप्पर बदलायचं म्हणताय. मधली कौलं तर जागच्या जागी आहेत."

"दिसायला आहेत हो. मिस्त्री म्हणाला, वासेच हललेत, कौलं सरकलीत, ठिगळं लावून भागायचं नाही. ताडपत्री आहे म्हणून निभावतंय."

"मिस्त्री म्हणणारच. त्याला काम हवंय. मला माझ्या डोळ्यांनी काहीतरी दिसायला हवं. फोटो आहेत?"

फोटो होते. नवऱ्याने वादळ चालू असतानाच काढले होते, वीज गेलेली असताना. सगळे काळेकुट्ट, आणि एकात त्याचा स्वतःचा अंगठा.

सर्व्हेअरने फोन परत दिला. "कोरड्या छताला मी ओलं कसं लिहू? उद्या वरचे मलाच धारेवर धरतील. त्यातून ताजा रंग. ते म्हणतील, नक्कीच काहीतरी झाकलंय."

वहिनी समोरच्या खुर्चीवर बसली. नवं छप्पर घालण्याएवढा पैसा या घरात एका वेळी कधीच आला नव्हता. विमा हाच काय तो आधार होता. ताडपत्री कडेने फाटत चालली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. तिला अक्काचा मनस्वी राग आला. तो काही आजचा नव्हता. अक्का येऊन गेली की घर आरशासारखं लख्ख व्हायचं आणि पुढे महिनाभर कुणाला साधी कात्री सापडायची नाही. इतकी वर्षं वहिनीने ब्र काढला नव्हता. आज तोंडून निघून गेलंच.

"अक्का, तुम्हाला सांगितलं होतं का हो कुणी?"

अक्काचा चेहरा पार उतरला. तिने एकदा छताकडे पाहिलं, एकदा सर्व्हेअरच्या कागदांकडे.

"म्हणजे... ते डाग दाखवायचे होते?"

सर्व्हेअरने मान डोलावली. अक्का वळली आणि मागच्या दाराने निघून गेली. रडायला गेली असणार, वहिनीला वाटलं. बोलल्याचं वाईटही वाटलं, पण ती उठून मागे गेली नाही.

सर्व्हेअर कागद आवरू लागला. तेवढ्यात मागच्या भिंतीला शिडी आपटली. मग वर पावलं वाजली, कौलं करकरली, ताडपत्री सरसरत बाजूला झाली.

"त्या वर चढल्या की काय?" सर्व्हेअर दचकून म्हणाला.

"अक्का! खाली या आधी! वासे हललेत!"

वरून आली ती पाण्याची सरसर. अक्काने बागेची नळी वर नेली होती.

काहीच झालं नाही. छत पांढरं ते पांढरंच. सर्व्हेअरने घड्याळ पाहिलं. मग मधोमध एक करडा ठिपका उमटला. बघता बघता तो ताटाएवढा झाला आणि नव्या रंगातून जुना डाग जसाच्या तसा वर आला. त्याच्या शेजारी दुसरा आला, मग भिंतीपर्यंत ओळच लागली. पहिला थेंब टेबलावर पडला, दुसरा सर्व्हेअरच्या टकलावर. तो खुर्ची मागे ढकलून उठला आणि टक्कल न पुसताच फोटो काढू लागला.

"पडतंय का गं?" वरून अक्काने विचारलं. आवाज रडवेला होता.

घासूनपुसून ठेवलेल्या फरशीवर तळं साचत होतं. वहिनी त्यात उभी राहिली आणि तोंड वर करून जिवाच्या आकांताने ओरडली,

"पडतंय, अक्का! आता पलंगाच्या बाजूला धरा! तिकडे अजून कोरडं आहे!"